दोनशे लिटरला आठ ग्रॅम

दोनशे लिटरच्या ड्रमला आठ ग्रॅम जीए.
आधी स्पिरिटात विरघळवायचं, मग पाण्यात.
सामू पट्टीवर बघायचा,
सायट्रिक ॲसिड चिमटीनं नाही, काट्यावर.
मणी ज्वारीएवढा झाला की बुडवणी,
एक दिवस चुकला तर लांबी हुकते.
तेवीस हंगाम हे वहीत लिहीत आलोय.
वहीत चंद्रकला कुठेच नाही.

पौषात निफाडचा पारा पाचावर आला
तेव्हा रात्री दोनला बांधाबांधानं शेकोट्या पेटवल्या,
धूर ओळीत शिरेस्तोवर उभा राहिलो,
मणी तडकू नयेत म्हणून.
आणि चैत्रात, भर दुपारी,
पत्र्याखाली माणसं निथळत असताना
ती शाल पांघरून बसली
तेव्हा म्हणालो, काय नाटक गं.

मोरीच्या जाळीत केसांचं बोंडकं.
हातात न जाणाऱ्या बांगड्या.
भाजीत दोनदा मीठ, मग चार दिवस अळणी.
सिन्नरहून तिच्या भावानं फोन केला आणि विचारलं,
कोण बोलतंय, दाजी का?
बसून बसून फुगली, असं शेजारी म्हणाले.
मी काही बोललो नाही.
न बोलणं म्हणजेही सहीच.

कॅनडा कॉर्नर, दुसरा मजला, डॉक्टर आव्हाड.
मागे उभं राहून त्यांनी तिच्या गळ्यावर बोटं ठेवली,
म्हणाल्या, गिळा.
ती नुसतीच हवा गिळत राहिली, आज्ञाधारक.
रिपोर्टात टीएसएच चौऱ्याण्णव.
मी शंभरपैकी समजलो.

मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, म्हणाल्या,
ती गळ्यातल्या थायरॉईडला हाका मारते.
खालून ओ आली नाही की आवाज चढवते.
चौऱ्याण्णव म्हणजे हाका, दादा.
आणि ओ देणारी तर तिच्याच रक्तातल्या राखणदारांनी पोखरलीय.
कुंपणच शेत खातंय.

तेव्हा मला आठवलं,
रात्री एकला लाईट यायची,
मी वरच्या बांधावरून ओरडायचो, मोटार सोड,
आणि घरातून काही नाही.
मग शिव्या.
म्हणजे त्या वर्षभर
एक जण बांधावरून ओरडत होता
आणि एक तिच्या कवटीतून,
आणि ती मधे,
उशीवर, जड.

ओझरच्या पुलावर ती झोपली.
मी गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करत राहिलो.
पंच्याहत्तर मायक्रोग्रॅम.
एका ग्रॅमचे दहा लाख भाग, त्यातले पंच्याहत्तर.
माझ्या एका ड्रमच्या आठ ग्रॅमच्या वजनात
तिच्या दोनशे ब्याण्णव वर्षांच्या गोळ्या बसतात.
दोनदा गुणाकार केला. तेवढंच आलं.

आता साडेपाचला गोळी, कोऱ्या पाण्याबरोबर,
आणि अर्धा तास चहा नाही.
तिला नाही म्हणून मलाही नाही.
समोरासमोर बसतो, चुलीवर काहीच नसतं.
पहिले काही दिवस नुसतं घड्याळ बघितलं.
मग एकदा तिनं सांगितलं
की लग्नाआधी तिला सायकल यायची.

सहा आठवड्यांनी एकतीस, दिवाळीनंतर सहा.
भुवयांची टोकं अजून आलेली नाहीत.
गुडघे कुरकुरतात, ते वेगळं, ते वयाचं, म्हणते.
पण परवा ड्रमपाशी तिचा आवाज आला,
बारीक, धारदार, तिचाच:
काठी धुतल्याशिवाय ढवळायचं नाही, किती वेळा सांगू?
बुडवणीच्या बाया हसल्या.
मी काठी धुतली.

त्याच दिवशी पाहिलं,
ओळ सुरू करताना पहिला घड ती सोडून देते.
मग दुसऱ्यापासून एकेक, भांड्यात, वर, झटकून, पुढे.
विचारलं तर म्हणाली, पहिल्यापासून सोडते.
तेवीस वर्षं?
बारीक राहतो, गोल, पण गोड असतो,
माझ्यापुरता.

रात्री वही काढली.
ओळ एक ते चाळीस,
पहिला घड:
कोरा.